मनच सुरू होत नसेल, तर मन कशाने सावरायचं?



आजचा श्लोक : गीता, अध्याय ६, श्लोक ५. भगवंत म्हणतात, माणसाने स्वतःचा उद्धार स्वतःच करावा, स्वतःला खचू देऊ नये. कारण आपणच आपले सोबती आणि आपणच आपले वैरी.

स्टेटसला ठेवायला फार छान श्लोक आहे. पण त्यात एक अडचण आहे. ज्या मनाने मनाला वर काढायचं, तेच मन बिघडलं असेल तर? विहिरीत पडलेल्याने स्वतःलाच दोर कसा टाकायचा?

परवा इथे सदरमध्ये एका लॅपटॉपसमोर बसलो असताना हा प्रश्न नव्याने समोर आला. आमच्या सत्संगातला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, लॅपटॉप घेऊन आला. (त्याला विचारूनच लिहितोय.) म्हणाला, "दादा, हे उघडूनच नाही राहिलं." विंडोजमध्ये 'सिस्टम कॉन्फिगरेशन' म्हणजे एमएसकॉन्फिग नावाचं साधन असतं. संगणक कसा सुरू व्हावा, कोणत्या सेवा चालू राहाव्यात हे तिथे ठरवता येतं. मशीन अडखळायला लागली की बिघाड शोधायला आपण तेच उघडतो. इथे तेच उघडता क्षणी बंद पडत होतं.

पहिलं काम म्हणजे त्यावर पुन्हा पुन्हा क्लिक करणं थांबवलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन बंद पडल्याची नोंद पाहिली. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं आणि सेफ मोडमध्ये गेलो. तिथे फक्त गरजेपुरतंच चालू असतं. तिथेही तेच झालं. म्हणजे बाहेरून टाकलेल्या कुठल्या प्रोग्रामवर संशय नको, विंडोजचीच एखादी फाइल खराब असणार. मग एसएफसी स्कॅन चालवला. हा स्कॅन विंडोजच्या मूळ फायली तपासतो आणि खराब निघालेली फाइल मशीनमध्येच जपून ठेवलेल्या चांगल्या प्रतीवरून नीट करतो. उत्तर आलं : खराब फायली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. जपून ठेवलेली प्रतच खराब! अशा वेळी डिझम नावाची आज्ञा द्यावी लागते. ती चांगली प्रत इंटरनेटवरून, म्हणजे बाहेरून आणते. नेहमीसारखं सुरू करून ती चालवली, पुन्हा एसएफसी केलं, आणि एमएसकॉन्फिग उघडलं.

मोठ्या प्रमाणावर हेच जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष कॉन्फिगरेशन अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. रक्षणासाठी ठेवलेलं साधनच पाडणारं ठरलं! चुकीचं अपडेट कंपनीने दीड तासाच्या आत मागे घेतलं. पण जे मशीन सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? शेवटी माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती एक फाइल काढावी लागली.

लॅपटॉप नीट झाला, तरी तो मुलगा उठेना. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, माझंही असंच आहे. झोप नाही, पुस्तक उघडवत नाही. घरचे म्हणतात, मन खंबीर कर. ज्यानं खंबीर करायचं, तेच तर चालून नाही राहिलं."

मित्रांनो, अशा वेळी आपण पटकन सहाव्या अध्यायातला हाच श्लोक समोरच्यावर फेकतो. जरा थांबू या. गीतेतला क्रम बघा.

दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात भगवंतही अर्जुनाला तेच म्हणतात : मनाचा दुबळेपणा सोड, ऊठ. आणि अर्जुन उठत नाही! साक्षात भगवंताने "ऊठ" म्हटलं तरी नाही. सातव्या श्लोकात तो कबूल करतो की माझी बुद्धी गोंधळली आहे, मला कळत नाही, मी तुला शरण आलोय, मला शिकव. यावर भगवंत चिडत नाहीत. समजावत बसतात, पार अठराव्या अध्यायापर्यंत. "स्वतःला स्वतःच वर काढ" हे त्यानंतर येतं, सहाव्या अध्यायात. तोवर अर्जुनाचा हात धरलेला असतो.

म्हणजे 'स्वतःच' याचा अर्थ 'एकट्याने' असा नाही. चांगली प्रत बाहेरून येऊ शकते : गुरूकडून, ग्रंथाकडून, मित्राकडून, डॉक्टरांकडून. पण "मला कळत नाही, मला मदत हवी" हे एक वाक्य आपलं आपल्यालाच बोलावं लागतं. आज्ञा आपणच टाइप करायची. माझ्या समजुतीने, अर्जुनाचा स्वतःने केलेला पहिला उद्धार म्हणजे ते वाक्य. शेवटीही भगवंत निर्णय त्याच्यावरच सोडतात : नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. आणि अर्जुन काय म्हणतो? तुझ्या कृपेने माझा मोह गेला, स्मृती परत आली. काही नवं मिळालं असं तो म्हणत नाही. जे मूळचं होतं, तेच परत मिळालं.

त्या मुलाला मी कुठलाही श्लोक सांगितला नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिला आणि तो बोलेपर्यंत शेजारी बसलो. नामस्मरण आहेच, पण औषध लागत असेल तर ते घेण्याने भक्ती कमी होत नाही.

आजचा संकल्प : कुणी "मन चालत नाही" म्हणालं, तर आज त्याला "खंबीर हो" म्हणायचं नाही. शेजारी बसायचं. आणि ते मन आपलंच असेल, तर दुसऱ्या अध्यायातला सातवा श्लोक उघडायचा आणि एका विश्वासाच्या माणसाला फोन लावायचा.

राम कृष्ण हरी!