श्रावण पाळला म्हणजे काय सिद्ध होतं?

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा महाराष्ट्रभर वाद रंगला तो बंदी हवी की नको एवढ्यावरच. ज्याला आपलं पिणं कमी करायचंय त्याने काय करावं, कुणाकडे जावं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. बंदीने हा प्रश्न सुटत नाही आणि परवान्यानेही सुटत नाही. त्यामुळे तो वाद मी इथेच सोडतो.

मला अधिक घातक वाटतो तो एक घरगुती समज: ‘तो श्रावण पाळतो, महिनाभर थेंबाला शिवत नाही, म्हणजे दारू त्याच्या ताब्यात आहे.’ पिणारा हे बोलतो, बायको स्वतःची समजूत घालते, आई अभिमानाने सांगते. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. हात न थरथरता, झोप न उडता महिना निघत असेल, तर शरीर बहुधा अजून दारूवर विसंबलेलं नाही. पण त्यापुढचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. श्रावणात बैठकाच बसत नाहीत, सोबतीही पाळत असतात, घरात सणवार असतात आणि मुख्य म्हणजे शेवटचा दिवस ठरलेला असतो. निर्णय एकदाच घ्यायचा, तोही पंचांगाच्या आधाराने. एरवी दुसऱ्या पेगनंतर तिसऱ्याला नको म्हणायचं, तेव्हा नको म्हणणारं डोकंच दारूने सैल झालेलं असतं. न पिण्याची ताकद वेगळी आणि पिताना थांबण्याची ताकद वेगळी. पहिली अंगी असलेल्या कितीतरी माणसांकडे दुसरी नसते. गटारीला शुद्ध हरपेपर्यंत पिऊन दुसऱ्या दिवसापासून कडकडीत श्रावण पाळणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

तेव्हा ताबा तपासायचा तो पिण्याच्या दिवशी, आणि मोजून. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे असे चार पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही सहा पेगांवरून दोनवर येणं ही मोठी कमाई आहे. मात्र ठरवलेला आकडा पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर मर्यादेचा हट्ट सोडावा. अशा माणसाला पूर्ण बंद करणंच बहुधा सोपं जातं, कारण ती पहिली ताकद त्याच्याकडे आहे.

ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि घोट घेतल्यावरच स्थिरावतात, त्याची गोष्ट निराळी. त्याला देवापुढे शपथ घालून घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं लागतात.

दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात, असं केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात आढळलं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनेक शहरांत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा भरतात आणि त्यांना फी नसते. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं. त्यासाठी पुढच्या श्रावणाची वाट पाहू नका.