अनुपकारी जीवाची सेवा

घरी पाळलेल्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, तर गृहस्थाने काय करावे? वरवर पाहता हा प्रश्न पशुवैद्याचा आहे. परंतु वैद्याचे काम जेथे संपते तेथे तो धर्माचा प्रश्न होतो. कारण उपचार सांगणे वैद्याच्या हाती असले, तरी पुढील महिने आणि वर्षे त्या प्राण्याजवळ बसावयाचे असते ते गृहस्थालाच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लांब पाठीच्या व आखूड पायांच्या डॅक्सहुंड जातीत हा विकार विशेष आढळतो. मणक्यांमधील चकत्या या जातीत लहान वयातच कठीण होऊ लागतात. एखादी चकती फुटली की तिचा गाभा मज्जारज्जूवर दाब आणतो आणि कमरेखालचा देह मेंदूच्या आज्ञेबाहेर जातो. वैद्य पायाचे बोट चिमट्याने दाबून पाहतात. पाय आखडला तर घरच्यांना आशा वाटते. पण ती केवळ मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्रे मान वळवून पाहते अथवा कण्हते, तेव्हाच वेदना मेंदूपर्यंत पोचली असे समजतात. ही संवेदना शिल्लक असेल तर योग्य उपचारांनी ते पुन्हा चालू लागण्याचा संभव बराच असतो. नसेल तर तो फार घटतो.

अशा कुत्र्याला पुष्कळदा लघवीही आपण होऊन करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटाला दोन्ही हात लावून मूत्राशय हलकेच दाबून रिकामे करावे लागते. ही रीत वैद्याकडूनच शिकून घ्यावी. मूत्र साचून राहिले तर जंतुसंसर्ग होतो. दर काही तासांनी कूस पालटावी लागते, नाहीतर हाडे टेकतात तेथे व्रण पडतात. अंथरूण मऊ व कोरडे ठेवणे, कोमट पाण्याने अंग पुसणे, लुळ्या पायांचे सांधे हळूहळू हलविणे, पोटाखाली पंचाची झोळी घालून त्याला उभे धरणे, हा नित्यक्रम होऊन बसतो. कित्येकांना मागील देहास बांधावयाची दोन चाकांची लहान गाडी उपयोगी पडते. या कर्माला सुट्टीचा दिवस नसतो.

येथे सुज्ञ मनुष्यही तीन शंका घेतो. पहिली शुचितेची: रोज श्वानाचे मलमूत्र काढणाऱ्याने देवपूजा कशी करावी? उत्तर सरळ आहे. स्पर्शानंतर स्नान सांगणारे शास्त्र स्पर्श घडणारच असे गृहीत धरते. शुद्धीचा नियम कर्मानंतर काय करावे हे सांगतो. कर्म टाळण्याची ती सबब नव्हे.

दुसरी शंका फलाची: जे पुन्हा चालणारच नाही त्यासाठी एवढे कष्ट कशाला? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणते हे सांगताना घेणाऱ्यासाठी ‘अनुपकारी’ असा शब्द आला आहे. जो परतफेड करू शकत नाही, तो अनुपकारी. कालपर्यंत दाराशी भुंकून घर राखणारे कुत्रे उपकारी होते; त्याला भाकरी घालणे हा एक प्रकारचा व्यवहारच होता. पाय गेले त्या दिवशी व्यवहार संपला. त्यानंतर जी भाकरी घातली जाईल, तिचेच मोल धर्माच्या तराजूत होईल. तसेच अठराव्या अध्यायात कायक्लेशाच्या भयाने केलेल्या कर्मत्यागास राजस म्हटले आहे. ‘आता उपयोग नाही’ असे म्हणून हात आखडता घेणाऱ्याने, आपल्या मनात विवेक बोलत आहे की क्लेशभय, हे तपासून पाहावे.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे. भागवतातील राजर्षी भरताने हरिणशावकाला जीव लावला आणि त्याला हरिणाचा जन्म आला. मग ही सेवा म्हणजे मोह नव्हे काय? कथा नीट पाहिली तर प्रवाहात पडलेले पाडस उचलले हा भरताचा दोष ठरत नाही. त्याचे नित्यनियम एकामागून एक सुटत गेले आणि अंती चित्तात त्या पाडसाविना काही उरले नाही, हा दोष. म्हणून सेवकाने स्वतःस विचारावे: मी याची गरज पाहतो आहे, की मला याची असलेली गरज?

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने स्वर्गाचा रथ दारी आला असता कुत्र्याला सोडण्याचे नाकारले. भावांना व द्रौपदीला टाकलेस, मग या श्वानाचा आग्रह का, असे इंद्राने विचारले. त्यावर त्याच्या उत्तराचे तात्पर्य असे की, ते गतप्राण झाल्यावर मी पुढे निघालो, जिवंत असताना नव्हे. अर्धे अंग निर्जीव झालेल्या प्राण्याच्या बाबतीत हा भेद ध्यानी ठेवावा: तो अजून जिवंत आहे आणि आपल्या आश्रयास आहे. या प्रसंगाच्या चर्चेत ‘आनृशंस्य’ हा शब्द येतो. मराठीत तो उतरविताना ‘दया’ म्हणण्याचा मोह होतो, पण ते पुरेसे नाही. दया ही चित्तवृत्ती आहे; ती येते आणि ओसरते. आनृशंस्य म्हणजे क्रूर न होणे. ते तिसऱ्या महिन्यात, झोपमोड झालेल्या पहाटेही पाळावयाचे असते. कायदाही एवढे मागतो: प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, उपाशी वा तहानेला राहण्याचा संभव असेल अशा स्थितीत जनावर अकारण सोडून देणे हा अपराध मानला आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: त्याचे जीवन वैद्याकरवी संपवावे काय? पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुष ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान या सर्वांत सम पाहतो असे सांगितले आहे. तेथे समदर्शन म्हटले आहे, समवर्तन नव्हे. हत्तीचे हित हत्तीच्या जागी उभे राहून पाहावे, श्वानाचे श्वानाच्या. लुळेपण आणि वेदना एक नव्हेत. आपण पांगळे झालो असतो तर काय वाटले असते, ते दुःख आपण त्याच्यावर लादतो. ते मात्र पुढच्या दोन पायांवर सरकत ताटलीशी येते आणि ऊन शोधून पडते. जोवर ते खाते, ओळखते, स्वस्थ झोपते, तोवर ‘त्याचे हाल पाहवत नाहीत’ या वाक्याचा कर्ता आपणच असतो. उलट वेदना असह्य असून उपाय उरला नाही असे जाणता वैद्य सांगत असताही, केवळ आपल्याला विरह सोसवत नाही म्हणून त्याला तिष्ठत ठेवणे, हाच भरताचा मोह. दोन्हीकडे दृष्टी स्वतःवर खिळलेली असते. ती त्याच्यावर ठेवून, वैद्याचे ऐकून जो निर्णय होईल, तो कोणताही असला तरी नृशंस होणार नाही. आणि तो दिवस येईपर्यंत रात्री एकदा उठून त्याची कूस पालटणे, एवढे कर्तव्य निःसंशय आपले आहे.