बंद टीव्हीसमोरचा सामना

बेसबॉलचा मोठा सामना टीव्हीवर बघू द्या, एवढीच मनोरुग्णालयात दाखल झालेल्या मॅकमर्फीची मागणी. वॉर्डाच्या बैठकीत नऊ हात वर होतात. नर्स रॅचेड आवाज न चढवता सांगते, वॉर्डात अठरा रुग्ण आहेत, बहुमत झालेलं नाही. उरलेल्या नऊ जणांतल्या कित्येकांना मत म्हणजे काय हेही उमगत नाही. मॅकमर्फी एकेकाची मनधरणी करतो. अखेर मुका-बहिरा समजला जाणारा चीफ ब्रॉमडन हात वर करतो, पण तोवर बैठक संपलेली असते. मग मॅकमर्फी बंद टीव्हीसमोर बसून न दिसणाऱ्या सामन्याचं धावतं समालोचन सुरू करतो आणि सगळा वॉर्ड जल्लोष करू लागतो.

मिलोश फोरमन यांच्या १९७५ सालच्या ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ या चित्रपटातला हा प्रसंग. काळ्या पडद्याकडे बघून ओरडणारी ही माणसं त्या घटकेला वॉर्डात सर्वांत शहाणी वाटतात.

मग वेडं कोण, हे ठरवायचं कुणी? केन कीसी यांची मूळ कादंबरी १९६२ची. आदल्याच वर्षी थॉमस सास या मनोविकारतज्ज्ञाने मानसिक आजार ही मुळात मिथ्यकथाच आहे, असं पुस्तक लिहून मांडलं होतं. त्या शंकेला आधार होता. सोव्हिएत संघात सरकारविरोधकांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारून त्यांना इस्पितळांत डांबलं जाई.

पण त्याच वॉर्डातल्या बिली बिबिटचं काय? मॅकमर्फी तुरुंगातली मजुरी चुकवायला आलेला, धडधाकट गडी. बिली तोतरा, आईच्या धाकाने पिचलेला आणि स्वतःहून दाखल झालेला. शेवटी तो जीव देतो. त्याच्या यातनेला बंडखोरी म्हणून गौरवणं हाही अन्यायच. सास यांचं म्हणणं इथे तोकडं पडतं, आणि मॅकमर्फीच्या प्रेमात पडलेला प्रेक्षक बिलीला विसरतो.

भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मॅकमर्फी आणि बिली अशा दोघांचाही विचार केला आहे. कलम १८ उपचारांचा हक्क देतं. कलम ३ सांगतं की समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्यं किंवा धार्मिक श्रद्धा कुणी मानत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. लग्न नको म्हणणारी मुलगी किंवा देव न मानणारा मुलगा घरच्यांना ‘बिघडलेला’ वाटू लागला, तर डॉक्टरांकडे नेण्याआधी हे कलम ३ एकदा वाचावं.