हलकं काम

माझी माय इस्लापूरच्या शिवारात दिवसभर वाकून निंदायची. बाप त्याच रानात नांगर हाकायचा. सांजच्याला बाईचा रोज वेगळा, गड्याचा वेगळा. का? तर तिचं काम ‘हलकं’.

समान कामाला समान वेतन, हे संविधानाच्या कलम ३९ मध्ये आहे. १९७६ साली त्याचा कायदाही झाला. कौशल्य, कष्ट, जबाबदारी पाहून काम सारखं ठरवा, असं त्यात होतं. पण ठरवणार कोण? ज्याच्या हाती रोज, त्याच्याच तोंडी व्याख्या. मायच्या कंबरेला कुणी विचारलं नाही.

‘हलकं’ म्हणूनच आपली जातही मोजली गेली. तेव्हा आपण पेटलो. मायच्या वेळी मात्र बाप गप्प, मीही गप्प. म्हणून पुढच्या मोर्चाच्या मागण्यांत पहिली ओळ हीच लिहा: निंदणीचा रोज नांगराच्या बरोबर.