आजीचा फोटो आणि चार बोटं



आजचं चिंतन : कठोपनिषद, अध्याय दुसरा, वल्ली तिसरी, मंत्र १७.

गेले पंधरा दिवस पोस्ट आली नाही. काहींनी मेसेज करून विचारलंत, त्याबद्दल आभार. आजी गेली. मी गावी होतो, शेलूबाजारला. पुण्याहून रात्रभर गाडी चालवत निघालो आणि पहाटे समृद्धी महामार्गाच्या शेलूबाजार इंटरचेंजला खाली उतरलो, तेव्हा घरासमोर माणसं जमलेली होती. तेरवी आटोपून परवा परत आलो.

आजचा मंत्र उपनिषदातला शेवटून दुसरा. यम नचिकेताला सांगतो की अंगठ्याएवढा तो अंतरात्मा प्रत्येकाच्या हृदयात कायम आहे. मुंज गवतातून आतली काडी ओढून काढावी, तसं त्याला आपल्या शरीरापासून धीराने वेगळं करावं. मुंज म्हणजे तेच गवत, ज्याची मेखला बटूच्या कमरेला बांधतात आणि ज्यावरून आपण त्या संस्कारालाच मुंज म्हणतो. घाई केली, हिसका दिला, तर काडी मधेच तुटते. म्हणून 'धीराने' हा शब्द.

हा मंत्र मी आधी दोनतीनदा वाचलाय. पण समजला (म्हणजे थोडासा) तो तेरवीच्या दोन दिवस आधी, रात्री दोन वाजता, लॅपटॉपसमोर.

झालं असं की आजीचा एकटीचा फोटोच नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण तो भिंतीवर लावावा असा कुणाचाच नसतो. शेवटी अल्बममध्ये एक सापडला, ताईच्या लग्नातला, २००९ चा. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मागे मांडवाचं पिवळं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणाचं तरी रडणारं पोर. आणि आजीच्या शेजारी मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. त्यांचा हात आजीच्या खांद्यावर.

पुढे २०१६ मध्ये वाटणी झाली आणि धुऱ्यावरून दोघा भावांचं जे बिनसलं, ते आजतागायत. एकाच गावात राहून बोलत नाहीत. बाबा मला म्हणाले, ''मागचं सगळं साफ करून दे. सकाळी स्टुडिओत नेऊन मोठा करून आणू. अन् तो हातही काढ. मले तो हात नाही पाहिजे फोटोत.''

मी म्हटलं, हो. दहा मिनिटांचं काम.

आधी एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढणारं टूल वापरलं. पाच सेकंदांत मांडव गेला, खुर्च्या गेल्या, पोर गेलं, मोठे बाबाही गेले. मनगटापर्यंत. चार बोटं मात्र आजीच्या खांद्यावर तशीच राहिली. टूलने ती आजीचीच धरली होती. त्यात चूक काही नाही. प्रत्येक पिक्सेल पुढच्या आकृतीचा की मागचा, एवढाच अंदाज ते बांधतं. धुऱ्याचं भांडण त्याला कुठून ठाऊक असणार?

मग गिम्प उघडलं आणि हाताने लेयर मास्क करायला बसलो. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोटोवर एक करडा मुखवटा असतो, त्यात ० ते २५५ असे आकडे. पांढरं रंगवलं की खालचं दिसतं, काळं रंगवलं की झाकलं जातं. मूळ फोटो जिथल्या तिथे राहतो. इरेजरने खोडलं की फाईल सेव्ह करून बंद केल्यावर गेलं ते गेलं. मास्कवर पुन्हा पांढरा ब्रश फिरवला की सगळं परत येतं. म्हणून नवीन मुलांना मी नेहमी सांगतो, इरेजरला हात लावू नका.

खरी परीक्षा केसांची. पदराबाहेर आलेले आजीचे पांढरे केस इतके बारीक, की एकाच पिक्सेलमध्ये थोडा केस असतो आणि थोडा मांडव. तो पूर्ण ठेवता येत नाही, पूर्ण टाकताही येत नाही. किती आजीचा आणि किती मांडवाचा, तो हिस्साच लिहून ठेवावा लागतो. त्याला अल्फा म्हणतात. १९७० च्या दशकात एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना काढली, आणि १९८४ मध्ये थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी त्याचं गणित मांडलं. आज तुमच्या प्रत्येक स्टिकरमागे तेच गणित आहे.

बरं, एवढं करूनही केस पिवळेच दिसत होते. मांडवाच्या कापडावरून येणारा उजेड त्यांच्यावर पडलेला. मांडव काढला तरी त्याचा रंग केसांवर राहिला. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवातच अध्यासाने करतात, म्हणजे एकाचे गुण दुसऱ्याचे समजणं. देह जाड असतो आणि आपण म्हणतो, मी जाड. डोळे अधू होतात आणि आपण म्हणतो, मी अधू. कॉलेजात हे वाचताना दोरी आणि साप एवढंच लक्षात राहिलं होतं. त्या रात्री आजीच्या केसांवरचा पिवळा रंग एकेक बट धरून उतरवताना दीड तास गेला. धीर म्हणजे काय ते पाठीला कळलं.

मग बोटांकडे वळलो. काळा ब्रश घेतला आणि चारही झाकली.

खांद्यावर चार भोकं पडली.

मंडळी, मी इतकी वर्षं हे काम करतोय, पण ही साधी गोष्ट तोवर डोक्यात आली नव्हती. बोटांखाली लुगडं नव्हतंच. म्हणजे आजीच्या अंगावर होतं, पण कॅमेऱ्याने ते पाहिलेलं नव्हतं. तिथे लुगडं हवं असेल तर दुसरीकडून उचलून चिकटवावं लागणार, किंवा एआयकडून नवीन बनवून घ्यावं लागणार. दोन्ही सहज जमतं. पण मांडव झाकणं वेगळं आणि तो हात तिथे नव्हताच असा खांदा तयार करणं वेगळं. पहिल्यात जे आहे त्यातून आजीला ओळखायचं होतं. दुसऱ्यात जे घडलं तेच बदलायचं होतं.

आणि एक कबुली. मागे याच ब्लॉगवर मी नात्यांतून अलिप्त होण्यावर लिहिलं होतं. तुम्हाला ते आवडलंही होतं. ते लिहिताना डोक्यात मोठे बाबा होते. वाटणीनंतर मी त्यांना एकदाही फोन केला नाही, आणि त्याला वैराग्य असं छान नाव दिलं. यम मात्र सांगतो *आपल्या* शरीरातून. काडी स्वतःच्या गवतातून काढायची आहे. दुसऱ्याला आपल्या फोटोतून काढण्याबद्दल तो मंत्र काहीच म्हणत नाही.

नचिकेताने तीन वर मागितले. आत्मज्ञान तिसरं. पहिलं काय मागितलं आठवतंय? आपल्याला मृत्यूच्या हवाली करणाऱ्या बापाचा राग शांत व्हावा, आणि परत गेल्यावर त्याने आपल्याला ओळखून जवळ घ्यावं. मुंजाच्या काडीपर्यंत तो त्यानंतर पोचतो.

मी मास्कवर पांढरा ब्रश फिरवला. बोटं परत आली. मनगटापाशी कडा हळूहळू विरत नेली आणि फाईल सेव्ह केली.

सकाळी बाबांना दाखवलं. सांगितलं की हात काढला तर आजीचा खांदा खोटा होतो. ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ''दादाचाच हाय. बोट वाकडं हाय ना त्याचं, विहिरीवर मोडलं होतं.'' थोड्या वेळाने, ''राहू दे मंग.''

तेरवीला मोठे बाबा आले. फुलं वाहिली, फोटोसमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले, मग मांडवात कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. दोघं भाऊ बोलले नाहीत. पंगत बसायच्या आधी बाबांनी मला आत बोलावलं आणि हातात कपबशी दिली. ''मोठ्या बाबाले नेऊन दे. साखर कमी हाय सांग त्याले, शुगर हाय त्याची.''

उद्या मंत्र १८, उपनिषद संपेल. राम कृष्ण हरी.