सांधा वळावा, सरकूं नये

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत कर्तव्याचीं जीं उदाहरणें येतात, तीं बहुधा राजे, सेनापति, न्यायाधीश अशा थोरांच्या आयुष्यांतील असतात. मनुष्याची खरी परीक्षा जेथें कोणी पाहत नाहीं अशाच ठिकाणीं होते, हें मात्र आपण सर्वच मान्य करतों. मग असें एखादें ठिकाण प्रत्यक्ष शोधून तेथें काय चालतें हें कां पाहूं नये? मालमोटारीची खालची बाजू हें असें एक ठिकाण होय. भाजीपाला, सिमेंट, घरसामान घेऊन आपल्या दारावरून रोज जाणाऱ्या हलक्या मालमोटारीच्या चालकाचे हात आपल्याला दिसतात. त्या हातांची आज्ञा चाकांपर्यंत नेणारी दांड्यांची व सांध्यांची साखळी दिसत नाहीं. त्या साखळीची निगा राखणाऱ्या मिस्त्रीचें कर्तव्य कोणाप्रत आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम ही रचना थोडक्यांत पाहूं. १९८६ सालीं आपल्या रस्त्यांवर आलेली टाटा ४०७, अथवा पुढें अखंड आंस असलेली तिच्या जातीची कोणतीहि गाडी घ्या. स्टिअरिंग फिरविलें कीं त्याचा दांडा एका पेटींतील मळसूत्र फिरवितो. पेटींतून बाहेर निघालेला ड्रॉप आर्म त्यामुळें झुलतो. तो ड्रॅग लिंकला ढकलतो किंवा ओढतो. ड्रॅग लिंक एका चाकाला वळविते, आणि तें वळण टाय रॉड दुसऱ्या चाकाला पोंचवितो. वळणावर आंतल्या चाकाला लहान वर्तुळांत व बाहेरच्या चाकाला मोठ्या वर्तुळांत जावें लागतें, म्हणून दोहोंचे कोन निरनिराळे ठेवावे लागतात. ही युक्ति मोटारींहूनहि जुनी आहे. म्युनिकच्या लांकेन्स्परगर नांवाच्या घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरानें ती शोधून काढली, आणि त्याच्या वतीनें रूडोल्फ आकरमान यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. जगानें नांव मात्र आकरमानचेंच लक्षांत ठेवलें. दृष्टिआड राहून काम करणारांच्या वांट्याला हें नेहमींच येतें.

या साखळीचे दुवे जेथें जुळतात तेथें पोलादी गोळी वाटींत बसविलेली असते. रस्त्यांतील खांचखळग्यांनीं चाकें वरखालीं होतात, म्हणून या सांध्यानें निरनिराळ्या दिशांना वळलें पाहिजे. पण आपल्या वाटींतून त्यानें केसभरहि सरकतां कामा नये. वळणें हा त्याचा धर्म, सरकणें हा त्याचा रोग. व्यवहारांत आपण या दोन गोष्टींची नेहमीं गल्लत करतों. आपली जागा न सोडतां प्रसंगाप्रमाणें वळणाऱ्या मनुष्यास आपण कच्चा म्हणतों, आणि ज्याची जागाच सुटली आहे त्याला व्यवहारकुशल म्हणून गौरवितों. लवचिकपणा आणि सैलपणा हे वरून सारखे दिसतात. भेद वाटींत बोट घातल्यावांचून कळत नाहीं.

हा रोग जडतो कसा? सांध्यावरचें रबरी टोपण फाटतें, त्यांतून पाणी व धूळ शिरते, ग्रीस नाहींसें होतें, गोळी झिजते. 'प्ले आला' असें मिस्त्रीलोक म्हणतात. एका दिवसांत कांहींच जाणवत नाहीं. चालक नकळत स्टिअरिंग थोडें अधिक फिरवूं लागतो, त्याचा हात त्या दोषाशीं तडजोड करतो, आणि कांहीं महिन्यांनीं ती तडजोडच त्याला स्वाभाविक वाटूं लागते. यामुळें जो गाडी रोज चालवितो तोच तिचा सर्वांत वाईट परीक्षक ठरतो. तपासणीला दोन माणसें लागतात तीं याचसाठीं. चाकें जमिनीवर टेकलेलीं असतांना एकानें स्टिअरिंग थोडथोडें डावीउजवीकडे हालवावयाचें, आणि दुसऱ्यानें गाडीखालीं पडून एकेका सांध्यावर बोटें ठेवावयाचीं. डोळ्यांना न दिसणारा धक्का बोटांना लागतो. स्वतःच्या सवयी तपासूं पाहणारानेंहि परक्या बोटाचा असा राग मानूं नये.

कायद्यानें याचा विचार केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम सांगतो कीं, स्टिअरिंगचा मोकळा फेर ३० अंशांहून अधिक नसावा, गोळीच्या सांध्यांना रबरी टोपणें असावींत, आणि बोल्ट व पिना पक्क्या जखडलेल्या असाव्या. परंतु हे ३० अंश एकूण फेराचे आहेत. पेटींत थोडा, ड्रॅग लिंकच्या टोकांत थोडा, टाय रॉडच्या टोकांत थोडा, असा तो सैलपणा सांचतो. प्रत्येक सांधा म्हणूं शकतो, 'माझा दोष तो केवढा!' उलट, एकूण फेर ३० अंशांच्या आंत असूनहि एखादा एकच सांधा निसटण्याच्या बेतांत असूं शकतो. तेव्हां कायद्याची मर्यादा पाळली म्हणजे कर्तव्य संपलें असें होत नाहीं. संस्थांचा आणि समाजांचा ऱ्हासहि बहुतेक असाच होतो: कोणीच फारसा अपराधी नसतो, आणि तरीहि हाताची आज्ञा चाकाला पोंचेनाशी होते.

दुरुस्तीचे नियमहि बोलके आहेत. सांध्याचा निमुळता खुंट तशाच निमुळत्या भोंकांत बसतो. त्यावर खांचांचा नट, आणि नटाच्या खांचेंतून खुंटाच्या छिद्रांत स्प्लिट पिन. ठरलेल्या जोरानें आवळल्यावर खांच व छिद्र समोरासमोर आलीं नाहींत, तर नट मागें फिरवावयाचा नाहीं. पुढच्या खांचेपर्यंत आणखी आवळावयाचा. एकदां काढलेली पिन पुन्हां वापरावयाची नाहीं. वांकलेला दांडा तापवून सरळ करावयाचा नाहीं, बदलावयाचा. टाय रॉडचें टोंक बदललें कीं पुढच्या चाकांची जुळणी मोजून पाहावयाची. यांतील प्रत्येक नियम मोडणें सोपें आहे, आणि मोडला तरी त्या दिवशीं कोणाला कळणार नाहीं. पिनेऐवजीं तारेचा तुकडा अडकविला तरी गाडी फाटकाबाहेर तशीच डौलानें पडते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मालक म्हणतो, 'एवढी एक खेप होऊं द्या, मग पाहूं.' गाडी त्याची, पैसे त्याचे, मिस्त्रीचा करारहि त्याच्याशींच. परंतु सांधा निसटेल त्या वेळीं मालक गाडींत नसेल. स्टिअरिंगवर असेल पगारी चालक, आणि समोर असतील शाळेंतून परतणारीं मुलें. या करारावर त्यांची सही कोणी घेतली? यावर असा आक्षेप येईल कीं, मिस्त्रीलाहि पोट आहे. त्यानें काम नाकारलें तर गाडी शेजारच्या दुकानांत जाईल, जगाचें भलें तर होणार नाहींच, त्याचें गिऱ्हाईक मात्र जाईल. हा आक्षेप खोटा नाहीं. तथापि त्यानें एवढेंच सिद्ध होतें कीं परिणाम मिस्त्रीच्या हातीं नाहीं. त्याची साक्ष त्याच्या हातीं आहेच. कर्तव्य केवळ करारांतून उत्पन्न होत नाहीं, तें ज्ञानांतूनहि उत्पन्न होतें. सांधा सरकल्याचें ज्याच्या बोटांना कळलें, तो त्या क्षणापासून त्रयस्थ राहिला नाहीं. गाडी जबरीनें अडवून ठेवण्याचा अधिकार त्याला नाहीं. पण मालकाला स्पष्ट सांगणें, बिलावर तसें लिहून देणें, आणि जो ती गाडी हांकणार त्या चालकालाहि सांगणें, एवढें त्याच्याकडून न्यायानें मागतां येतें.

आणि आपण, बिल देणारे? नवा भाग डोळ्यांना दिसला कीं आपण मुकाट्यानें पैसे मोजतों. नुसत्या तपासणीचे पैसे मागितले कीं कुरकुर करतों. न दिसणाऱ्या कामाची किंमत न देणाऱ्या समाजांत तें काम प्रामाणिकपणें व्हावें, ही अपेक्षा थोडी उद्धटपणाचीच आहे. मिस्त्री आणि गिऱ्हाईक या दोघांनींहि एका शब्दाला जपावें. 'चालेल' हा आपल्या भाषेंतील मोठा सोयीचा शब्द आहे. गाडी चालेल यांत शंका नाहीं. ती वळेल कीं नाहीं, हा प्रश्न आहे.