आधी शिवण की आधी ओझे?

तळताना एखाद्या करंजीची कड सुटली, की आमची ताई म्हणते, "सारण जास्त झालं!" करंजीला कोणी बोल लावत नाही. गेल्या दिवाळीत हेच वाक्य तिने स्वतःच्या पोटाकडे पाहून म्हटले आणि ती हसली. मला हसू आले नाही.

ताई साताऱ्याला असते, अंगाने स्थूल. बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेच्या जुन्या व्रणापाशी तिला अंतर्गळ झाला होता. पोटाची भिंत तिथे विरली आणि आतले आतडे फुगवट्यासारखे बाहेर डोकावू लागले. "आधी वजन उतरवा, मग शिवू," असे तिला सांगण्यात आले. पण चालले की फुगवटा दुखे आणि बसून राहिले की वजन वाढे! मीही तिला तोंड आवरण्याचा उपदेश केला. पडलो मास्तर!

शेवटी तिला मिरजेला नेले. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे दवाखाना उभारला, तेव्हापासून आमच्या भागातले लोक शस्त्रक्रियेसाठी मिरजेची वाट धरत आले आहेत. तिथल्या सर्जननी पेच उलगडून सांगितला. स्थूल माणसाचे पोट नुसते शिवले, तर आतल्या दाबाने टाके पुन्हा उसवण्याचा धोका मोठा. जठर लहान करून आधी वजन उतरवावे, तर मधल्या काळात फटीत आतडे अडकण्याची भीती. दोन्ही एकदम करावे, तर आधाराच्या जाळीला जंतुदोष होण्याचा संभव. म्हणून लहान फट बहुधा त्याच वेळी शिवतात. मोठी असली, तर पुष्कळदा आधी वजन, मग जाळी. आतडे अडकून पीळ बसला, तर मात्र वजनकाटा न पाहता तत्काळ शस्त्रक्रिया.

म्हणजे 'आधी वजन' हे शब्द त्यांनीही उच्चारले. पण त्यांच्या तोंडी तो केवळ क्रम होता, आणि वजन उतरवण्याचा भार तेही उचलत होते. माझ्या तोंडी ती अट होती: आधी तू सुधार, मग मी मदत करीन.

कच्च्या मुलांना मी वर्षानुवर्षे हेच सांगत आलो, "आधी पाढे पाठ कर, मग गणित शिकवतो." पाढे पाठ होत नाहीत, म्हणूनच तर तो पोरगा माझ्यापुढे उभा असतो!

ताईचे जठर लहान झाले. वजन उतरते आहे. जाळी बसायची आहे. यंदाही करंज्या तीच करणार, खाणार मात्र अर्धी. आणि माझ्या वर्गात एक मुलगा सतराचा पाढा म्हणतो आहे. अडला, की पुढचा आकडा मी सांगतो.